उत्तर आलं का?

सभा प्रार्थनेने सुरू करायची आणि बोलायचं धाकट्याने आधी, हा हॅडलॉकांच्या घरातला नियम थेरॉनच्या बापाने घालून दिलेला होता. खालचं बटाट्याचं रान विकायचं की ठेवायचं, एवढी मोठी गोष्ट असो नाहीतर कुत्र्याला थंडीत घरात घ्यायचं की नाही, एवढी लहान. अमेरिकेत, आयडाहोतल्या त्या स्वयंपाकघरात असे कितीतरी निकाल लागले होते. आज सभा पॅसिफिकमधल्या टोंगा बेटांवर भरली होती, समुद्रापासून शंभर पावलांवरच्या पत्र्याच्या छपराखाली, आणि भरली होती ती थेरॉनचीच झाडाझडती घ्यायला. तरी अध्यक्ष म्हणून मधल्या खुर्चीत बसला तोच. बाप होता ना!

"केंडल, प्रार्थना तू कर," तो म्हणाला.

केंडलने हातांची घडी घातली, डोळे मिटले. शेचाळीस वर्षांचा हा दांडगा गडी शेतातून उठून थेट विमानात बसला होता आणि तीन विमानं बदलून काल इथं उतरला होता. सुखरूप पोचल्याबद्दल त्याने देवाचे आभार मानले, बेटावरच्या भल्या माणसांबद्दल मानले, शेजारच्या लोसालिनेबाईंनी रात्री पाठवलेल्या जेवणाबद्दल मानले. मुद्द्याची गोष्ट तेवढी देवाच्या कानावर घातली नाही. त्याची थोरली बहीण मार्लिस अर्ध्या प्रार्थनेतच डोळे उघडून आईकडे बघत बसली होती.

आर्डिस, थेरॉनची बायको, खिडकीपाशी वेताच्या खुर्चीत होती. रविवारचा निळा झगा, नीट विंचरलेले पांढरे केस, छातीवर काळी पट्टी आणि पट्टीवर पांढऱ्या अक्षरांत 'सिस्टर हॅडलॉक'. तसलीच पट्टी थेरॉनच्या शर्टावर होती, 'एल्डर हॅडलॉक'. चर्चच्या मिशनवर, म्हणजे अठरा महिन्यांच्या धर्मसेवेला आलेल्यांना असंच एल्डर आणि सिस्टर म्हणतात. पंधरा महिने रोज सकाळी तिची पट्टी तो लावायचा आणि त्याची ती. अलीकडे दोन्ही तोच लावत होता.

"आमेन," आर्डिस म्हणाली. सगळ्यांत खणखणीत आवाज तिचाच. मग थेरॉनकडे वळून, "उत्तर आलं का रे?"

"अजून नाही, आर्डिस."

"इथल्या टपालाचं काही खरं नाही," तिने मार्लिसला सांगितलं, पाहुण्याला सांगावं तसं अदबीने. "तुम्हाला प्रवासात त्रास नाही ना झाला?"

पोटच्या मुलीला ती कालपासून 'तुम्ही' म्हणत होती. केंडलला तर हाकच मारत नव्हती. आता एकट्या थेरॉनलाच ती अरे-तुरे करायची, आणि तेवढ्याच आधारावर तो तगून होता.

"कसलं उत्तर?" मार्लिसने विचारलं.

"तिचं आपलं काहीतरी चालू असतं," थेरॉन म्हणाला आणि मांडीवरच्या धर्मग्रंथाच्या कव्हरवर त्याने तळवा ठेवला. कव्हरला आतून एक खिसा होता. खिशात चार घड्या घातलेला एक कागद होता. आर्डिसने तो मिशनच्या अध्यक्षांना लिहिला होता, आम्हाला घरी जाऊ द्या म्हणून, आणि टाकायला थेरॉनकडे दिला होता. सात महिने तो तिथेच होता. त्यात काय मागितलंय हे जगात दोघांनाच ठाऊक होतं, आणि त्यातलं एक माणूस बाकी सगळं विसरलं तरी नेमकं तेवढं विसरत नव्हतं.

"मी धाकटा, मी बोलतो," केंडलने घसा साफ केला. "पंधरा महिने काढलेत, राहिले तीन. मला वाटतं पुरं करावं आणि मानाने परत यावं. आपल्या गावात काय बोलतात तुला माहितीये, मार्लिस. अर्ध्यावरून आले म्हटलं की का आले ते कुणी विचारत बसत नाही."

"गावाचं राहू दे. तुझ्या बायकोने, जोलीनने, नवा ओटा कधी बसवला ते सांग."

"ओट्याचा इथं काय संबंध?"

"आईच्या स्वयंपाकघरात बसवलाय, हा संबंध. हे दोघं मंगळवारच्या विमानाने आले तर तुम्हाला घर सोडावं लागेल. म्हणून तुला मिशनचा एवढा पुळका."

केंडलची मान लाल झाली. "बीट काढणीत मशीन उभं करून आलोय मी. तू फोनवर हमसून रडलीस म्हणून आलोय. आणि वर हे ऐकून घेऊ?"

"सभेत टोमणे नकोत," थेरॉन म्हणाला. आवाज कडक होता, पण मनातून त्याला हायसं वाटलं होतं. केंडल आपल्या बाजूने आहे. काल विमानतळावरून येताना, मार्लिस मागच्या सीटवर झोपली असताना, गाडीत त्याने केंडलला तयार करून ठेवलं होतं. आईचीच इच्छा आहे रे, म्हणाला होता, तिला हे पुरं करायचंय. खोटं बोलताना त्याने रस्त्यावरची नजर काढली नव्हती.

"आता मी," मार्लिस म्हणाली. ती शाळेत मुख्याध्यापिका होती आणि पोरांकडून कबुली कशी काढायची हे तिला कुणी शिकवायला नको होतं. "बाबा, तीन आठवड्यांपूर्वी काय झालं ते मला तुमच्या तोंडून ऐकायचंय. सोमवारच्या पत्रात तुम्ही लिहिलंत, 'आई जरा भिजली.' भिजली! लोसालिनेबाईंनी फोन केला नसता तर आम्हाला कळलंच नसतं."

"तुम्हाला उगाच घोर नको म्हणून—"

"आणि त्या पत्रात खाली आईचा मजकूर असतो ना, तोही तुम्हीच लिहिता. कधीपासून?"

थेरॉनने मांडीवरच्या कव्हरची चेन सारखी केली.

"आईने जन्मात कधी हवामान लिहिलं नाही, बाबा. कोण गेलं, कोण बाळंत झालं, कुणाचं लग्न मोडलं, एवढंच असायचं तिच्या पत्रात. गेले सहा महिने आई मला वारा कुठल्या दिशेने वाहतोय ते कळवतेय."

केंडलला हसू आलं आणि त्याने ते दाबलं. थेरॉनलाही एरवी आलं असतं.

मग त्याने सांगितलं. नियम असा, की मिशनवर असलेल्या दोघांनी एकमेकांना नजरेआड करायचं नाही. तरण्या पोरांना तो नियम जाचतो. थेरॉनला तो देवाने खास आपल्यासाठीच केल्यासारखा वाटायचा. बायकोला सावलीसारखा धरून राहणारा नवरा घरी लोकांच्या डोळ्यांत आला असता. इथं सगळे म्हणायचे, बघा, या वयातही हॅडलॉक पतिपत्नी नियम किती काटेकोर पाळतात! त्या शनिवारी दुपारी तरुण मिशनरींच्या घराखालचा नळ फुटला. घर खुंटांवर उचललेलं होतं; थेरॉन पान्हा घेऊन त्याच्या खाली सरपटत गेला. आर्डिसला बाहेर उपड्या बादलीवर बसवलं, इथून हलायचं नाही म्हणून बजावलं. वीस मिनिटं गेली असतील. वर आला तेव्हा बादली रिकामी होती.

ओहोटी होती. उघड्या पडलेल्या चिखलात गावातली डुकरं शिंपले उकरत होती. त्यांच्यामधून आर्डिस चालत गेली होती, सरळ, पार खडकांच्या कडेपर्यंत. भरती लागली तेव्हा पाणी तिच्या कमरेला आलं होतं. लोसालिनेने तिला बघितलं आणि अंगावरच्या कपड्यांनिशी पाण्यात धाव घेतली.

"कशाला गेली होती ती?" केंडलने विचारलं. एवढं सविस्तर त्यानेही ऐकलं नव्हतं.

"चारीचं दार उघडायला," थेरॉन म्हणाला. "आपली पाण्याची पाळी आहे, म्हणत होती. वरच्या शेतवाल्यांनी पाणी वळवायच्या आत दार उघडते म्हणाली. बूट हातात धरले होते, भिजू नयेत म्हणून."

त्या दोन्ही मुलांनी लहानपणी कंदील धरून आईबरोबर चारीच्या कडेने चकरा मारल्या होत्या. पाण्याची पाळी तिने कधी चुकवली नव्हती.

"चूक माझी," थेरॉन म्हणाला. "नियम मी मोडला. पण मार्लिस, इथं मी दिवसरात्र तिच्याजवळ असतो. घरी गेलो की तुम्ही तिला त्या म्हाताऱ्यांच्या घरात ठेवाल. तिथं दाराला आकड्यांचं कुलूप असतं. मला संध्याकाळी तासभर भेटायला सोडतील. तीन महिने, एवढंच मागतोय. तीन महिने तरी तिला माझ्याजवळ राहू द्या."

हे सगळं खरं होतं. मार्लिसचे डोळे भरले आणि तिने मान खाली घातली. आपण जिंकलो, असं थेरॉनला वाटलं आणि स्वतःची लाजही वाटली, पण लाज थोडी कमी होती.

तेवढ्यात दारात लोसालिने आली. चर्चमधून परस्पर आली होती, काळे कपडे, तिथल्या रिवाजाप्रमाणे कमरेला गुंडाळलेली चटई तशीच. हातात टोपलं, त्यात भट्टीतून काढलेल्या अळूच्या पानांच्या पुड्या, नारळाच्या दुधाचा वास घरभर पसरला.

"लेकरं आलीत दुरून, आणि चूल थंड! काय एल्डर, उपाशी मारताय त्यांना?" ती थेरॉनला म्हणाली आणि सगळ्यांना ओलांडून आर्डिसपाशी गेली. खाली बसून तिने आर्डिसचे हात हातात घेतले. "बरी आहेस ना गं?"

"उत्तर आलं का?" आर्डिसने विचारलं.

"येईल हो, येईल." लोसालिने मार्लिसकडे वळली. "एवढं एक तुम्ही तरी बघा बाई. रोज विचारते. कपडे वाळत घालताना विचारते, चर्चमध्ये गाणं चालू असताना विचारते. सात महिने झाले. कुणाला लिहिलंय हिने एवढं पत्र? त्या माणसाला दोन ओळी लिहायला काय होतं म्हणते मी! एल्डरनी स्वतः टाकलंय ना टपालात?"

मार्लिस बापाकडे वळली.

"बाबा?" मार्लिस म्हणाली.

थेरॉनला अजूनही सुटता आलं असतं. तिचं काहीतरी चालू असतं, असं पुन्हा म्हणता आलं असतं आणि पोरांनी ते ऐकलंही असतं. पण आर्डिस त्याच्याकडे बघत होती, उत्तर येईल अशा खात्रीने बघत होती. ती खात्री त्याला सात महिने रोज बघावी लागली होती आणि तो आता थकला होता. त्याने कव्हरची चेन उघडली. घड्यांवर कागद झिजून मऊ झाला होता. मार्लिसने हात पुढे केला, पण त्याने तो केंडलला दिला. का दिला, त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं.

केंडलने मोठ्याने वाचायला सुरुवात केली.

"'प्रिय अध्यक्ष, थेरॉनला पत्र टाकायला सांगितलंय, कारण मला पत्ता आठवत नाही. म्हणूनच लिहितेय. मला विसरायला होतंय. अजून थोडंच होतंय. रोज सकाळी नातवंडांच्या फोटोवर बोट ठेवून मी अकरा नावं म्हणून बघते, अजून अकराच्या अकरा येतात. ती येतायत तोवर मला घरी जायचंय. मला त्यांना ओळखायचंय आणि त्यांनी हाक मारली तर नावाने ओ द्यायचीय. थेरॉन अर्ध्यावरून परत जाणार नाही, त्याचं जुनं दुखणं आहे ते. म्हणून कागदावर कारण माझं लिहा. बायको आजारी पडली म्हणून मानाने मोकळं केलं असं लिहा, म्हणजे त्याला कुणी काही बोलणार नाही. पन्नास वर्षांत मी कुणाकडे काही मागितलं नाही. हे मागते. लवकर कळवा.'"

शेवटच्या ओळीपर्यंत केंडलचा आवाज उतरत गेला होता. त्याने कागद पुन्हा पहिल्या घड्यांवरच दुमडला, काळजीपूर्वक.

"काल गाडीत तुम्ही मला म्हणालात, तिचीच इच्छा आहे," तो म्हणाला.

"केंडल—"

"मी तुमच्या बाजूने बोललो, बाबा. ओट्यासाठी बोललो, मार्लिस म्हणते ते काही अगदीच खोटं नाही. पण तुमच्यावर विश्वास ठेवून बोललो." तो उठला आणि बहिणीच्या खुर्चीमागे जाऊन उभा राहिला. "घर आम्ही या आठवड्यात रिकामं करतो. जोलीनला मी सांगेन."

मार्लिस ओरडली नाही. ओरडली असती तर बरं, असं थेरॉनला वाटलं. "का?" एवढंच तिने विचारलं.

"मी वाचलं ते पत्र," थेरॉन म्हणाला. "वाचून फार घाबरलो. मग तिला खुर्चीत बसवलं, अभिषेकाचं तेल घेतलं, डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद दिला. देवाचं नाव घेऊन म्हणालो, मिशन पुरं होईपर्यंत तुझी बुद्धी शाबूत राहील. असं बोलायचं मी ठरवलं नव्हतं. तोंडून निघालं. मला वाटलं, निघालं त्या अर्थी देवानेच बोलवलं. मग पत्र कसं टाकणार? टाकलं असतं तर आशीर्वाद खोटा ठरला असता."

"म्हणजे देवाचा शब्द खोटा पडू नये म्हणून तुम्ही—"

"माझा," थेरॉन म्हणाला. "माझा पडू नये म्हणून."

बाकीचं त्याने सांगितलं नाही, सांगायची गरजही नव्हती. एकोणिसाव्या वर्षी त्याला नॉर्वेत मिशनवर पाठवलं होतं, आणि घरची आठवण सोसेना म्हणून चार महिन्यांत तो परतला होता. स्टेशनवर बाप घ्यायला आला आणि बावीस मैल गाडीत एक शब्द बोलला नाही. आजही घरच्या बोळातल्या भिंतीवर चार पिढ्यांच्या मिशनरींचे फोटो आहेत. प्रत्येकाखाली दोन तारखा, गेल्याची आणि परतल्याची. थेरॉनच्या फोटोखाली बापाने एकच तारीख घातली होती. केंडल आणि मार्लिस त्या भिंतीसमोरून दररोज शाळेला जात मोठे झाले होते. नातवंडं अजून जातात. त्र्याहत्तराव्या वर्षी त्याला तिथं दुसरी तारीख हवी होती. आर्डिस त्याला ती द्यायला निघाली होती, स्वतःचं नाव खराब करून, आणि त्याने ती तिच्या हातून घेतली नाही. स्वतः मिळवायला गेला.

मार्लिसने भिंतीवरचा फोटो काढला. अकरा पोरं, बर्फात उभी, सगळ्यांची नाकं लाल. फोटो तिने आईच्या मांडीवर ठेवला आणि तिचं बोट धरून पहिल्या चेहऱ्यावर टेकवलं. "आई, हा कोण?"

आर्डिस बराच वेळ बघत राहिली. बोट आपसूक पुढच्या चेहऱ्यावर गेलं, मग त्याच्या पुढच्या. ओठ हलत होते. रोजची सवय होती ती, सवय राहिली होती.

"गोड आहेत," ती म्हणाली. "सगळी तुमचीच का?"

लोसालिनेने तोंडाला पदरासारखं चटईचं टोक लावलं आणि ती बाहेर निघून गेली. टोपलं तसंच जमिनीवर राहिलं.

फोन थेरॉननेच केला. मुलांसमोर केला. मिशनच्या अध्यक्षांना त्याने पत्र पहिल्या शब्दापासून शेवटच्यापर्यंत वाचून दाखवलं, तारखेसकट.

"मंगळवारच्या विमानाने जा, एल्डर," ते म्हणाले. "कागद मी उद्या करतो." आणि मग, रागाने नव्हे, "हे मला त्या आठवड्यात मिळालं असतं तर त्याच आठवड्यात पाठवलं असतं. मानाने. तीन वर्षं होत आली मला या कामात. असं पत्र आल्यावर कुणी नाही म्हणत नाही."

थेरॉनने फोन खाली ठेवला. सभा संपवताना पुन्हा प्रार्थना करायची असते. कुणी कुणाला सांगितलं नाही आणि कुणी केली नाही. मार्लिसने कपाटावरची बॅग काढली, केंडलने ती उघडून पलंगावर ठेवली. सकाळपासून भांडत असलेली भावंडं एका बाजूला उभी राहून आईचे झगे घडी करू लागली, आणि थेरॉन दाराशी उभा होता, कुणीतरी आपल्याला काही काम सांगेल म्हणून. कुणी सांगितलं नाही.

आर्डिस अंगणात गेली होती. नीरफणसाच्या झाडाखाली बाक होता, तिथं बसली होती, समुद्राकडे तोंड करून. भरती चढत होती. थेरॉन जाऊन तिच्याशेजारी बसला. सात महिने ज्या वाक्याची तिने वाट बघितली, ते निदान आपल्या तोंडून तिला मिळावं, एवढंच त्याच्या मनात होतं. माफी नंतर मागायची. मंगळवारपर्यंत वेळ होता.

"आर्डिस," तो म्हणाला. "उत्तर आलं. घरी जा म्हणालेत."

ती त्याच्याकडे वळली. आधी तोंडाकडे बघितलं, मग नजर खाली आली आणि त्याच्या छातीवरच्या पट्टीवर थांबली. तिने बोट ठेवून अक्षरं हळूहळू वाचली.

"एल्डर हॅडलॉक," ती म्हणाली आणि तिचा चेहरा उजळला. "अगंबाई! माझा नवराही हॅडलॉकच. तुम्ही नात्यातले का?"

थेरॉनचा हात छातीवरच्या पट्टीकडे गेला.

"तो असता तर तुम्हाला भेटवला असता," आर्डिस म्हणाली आणि त्याला बसायला नीट जागा व्हावी म्हणून थोडी सरकली. "माझं पत्र टाकायला गेलाय. येईल इतक्यात, बसा तुम्ही."